बेंच सप्लायचं करंट लिमिट: सरळ की फोल्डबॅक?

१२ व्होल्ट, ३ अँपियरचा बेंच सप्लाय (टेबलावर ठेवून वापरायचा वीजपुरवठा) घरी जोडताना ट्रान्सफॉर्मर, २एन३०५५ हा पॉवर ट्रान्झिस्टर वगैरे पटकन ठरतं. अडतं ते करंट लिमिटपाशी, म्हणजे करंट ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ न देणाऱ्या भागापाशी. सरळ लिमिट, म्हणजे कायम एकच मर्यादा, ठेवलं तर आउटपुट शॉर्ट झाल्यावरही ३ अँपियर चालूच. फिल्टर कपॅसिटरवर १८ व्होल्ट धरले, तर एरवी उरलेल्या ६ व्होल्टचे १८ वॉट सोसणाऱ्या ट्रान्झिस्टरवर एकदम ५४ वॉट येऊन पडतात. डेटाशीटमधले ११५ वॉट, म्हणजे ट्रान्झिस्टरची कमाल क्षमता, त्याची केस (बाहेरचं कवच) २५ अंशांवर असतानाचे. मे महिन्यात गोव्यात म्हापशात पत्र्याखाली बसून ते विसरलेलेच बरे. फोल्डबॅकला, म्हणजे आउटपुटचं व्होल्टेज पडेल तसा करंटही कमी करणाऱ्या लिमिटला, दोन रेझिस्टर जास्त लागतात, पण शॉर्टमध्ये करंट १ अँपियरवर उतरवता येतो. म्हणजे पुन्हा १८ वॉटच, आणि हीटसिंक लहान पुरतो. कागदावर फोल्डबॅकच सरस.

पण दिवाळीआधी माझ्याकडे नरकासुराचे पुतळे करणारी पोरं येतात. असुराचा हात वरखाली करायला भंगारातली वायपर मोटर असते. थांबलेली मोटर म्हणजे जेमतेम एक ओहम. फोल्डबॅकला तो शॉर्टच वाटतो. तो अँपियर-सव्वा अँपियर देऊन गप्प. तेवढ्यावर मोटर नुसती गुणगुणते, आणि ती फिरत नाही म्हणून व्होल्टेज वर चढत नाही. हाताने ढकलली की चालते, वायर जरा हलली की पुन्हा ढकला. सरळ लिमिटवर तीच मोटर पुरे ३ अँपियर घेऊन, सावकाश का होईना, हात उचलते. माझा कौल तिथेच फिरला.

आणखी एक कुरबूर आहे. एवढा फोल्डबॅक हवा तर सेन्स रेझिस्टर (ज्यावरून करंट मोजला जातो तो) ०.२२ ओहमवरून पाऊण ओहमच्या घरात न्यावा लागतो, आणि पूर्ण लोडवर त्यातच दोनेक व्होल्ट जातात. संध्याकाळी गावातलं व्होल्टेज बसलं की हे जाणवतं.

सरळ लिमिटची उष्णता खरीच आहे, ती नाकारत नाही. मी दोन २एन३०५५ समांतर लावतो, प्रत्येकाच्या एमिटरला ०.१ ओहम, मोठा हीटसिंक, आणि त्यावरच ८० अंशांना उघडणारा थर्मल स्विच आवळून तो ट्रान्सफॉर्मरच्या मेन वायरीत घालतो. खर्च थोडा वाढतो, जागाही जाते.

प्रीॲम्पसारखा (ऑडिओचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) ठरलेला, हलका लोड असेल, सप्लाय बंद डब्यात असेल आणि शॉर्ट झाला तरी दिवसभर कुणी बघणार नसेल, तर फोल्डबॅक लावायला माझी हरकत नाही.