बाराशे रुपये, दोन रविवार आणि कळकाचं गणित

विमा कंपनीत चौतीस वर्षं काढली, त्यामुळे मृत्यूसारणी, म्हणजे कोणत्या वयापर्यंत किती जण जगतात याचा तक्ता, ही माझी पाठ झालेली पोथी. कोथरूडला परिसरशास्त्रातल्या गणितावर दोन रविवारांचा वर्ग आहे असं कळलं आणि बाराशे रुपये भरले. आयोजकांचं नाव घेत नाही, पुण्यात लगेच फोन येतात.

वर्ग परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या कामावर बेतलेला. फर्ग्युसनमधून हार्वर्डला गेले, १९६९ साली डॉक्टरेट घेतली आणि मग मुक्काम सह्याद्रीत. एवढी माहिती पाच मिनिटांत उरकली ते बरं झालं.

पहिला रविवार मात्र झकास. शिकवणाऱ्या बाईंनी आलेखाचे कागद वाटले आणि तीन रकाने आखायला लावले : वय, त्या वयापर्यंत जगण्याची शक्यता, त्या वयात धरणारं बी. पहिले दोन तर आमच्याच सारणीतले! मग प्रश्न असा, की झाडानं दर वर्षी थोडं थोडं बी धरावं, की सगळी शिल्लक साठवून एकदाच उधळावी आणि मरावं? आमच्या भाषेत, दर वर्षी बोनस की मुदतीअखेर एकरकमी. थोड्या फुलण्यानं फारसं पदरात पडत नसेल आणि भरभरून फुलल्यावर फायदा चढत्या वेगानं वाढत असेल, तर एकरकमीच परवडतं. गाडगीळ आणि बॉसर्ट यांनी हे १९७० साली मांडलं. आमच्या मुळशीकडचा कळक, म्हणजे मोठा बांबू, असाच एकदा फुलून मरतो; तो फुलला की म्हातारी माणसं ‘आता दुष्काळ’ म्हणायची. त्या कळकाचा हिशेब मी पेन्सिलीनं स्वतः सोडवला. शेजारच्या इंजिनिअर मुलाचं उत्तर चुकलं होतं, हे जाता जाता.

दुसऱ्या रविवारी माती झाली. प्रोजेक्टर पाऊण तास बंद. मग देवरायांची छायाचित्रं, तीही सावकाश. ज्यासाठी मी खरं तर गेलो होतो तो माणसांचा भाग आला शेवटच्या वीस मिनिटांत. गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ मल्होत्रा यांनी आपल्या इथल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला होता. फासेपारधी फास लावून काळवीट आणि पाखरं धरायचे, वैदू सापळ्यात मुंगूस-उदमांजर, नंदीवाले कुत्री घेऊन डुक्कर, साळिंदर, घोरपड. मुलूख एकच, पण ज्याची त्याची शिकार ठरलेली. मी विचारलं, माळरानंच गेली तर या वाटणीचं काय होतं? सारणीत ते कुठे बसवायचं? बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि चहा आला. चहा चांगला होता, आलं घातलेला.

पार्किंग नाही, रिक्षानं जा. कॅल्क्युलेटर घरून न्या, तिथे दहा जणांत एक मिळतो.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे म्हणे. पहिल्या रविवारचेच पैसे घेणार असतील तर मेहुण्यांना पाठवीन.