वणीकडच्या चुनखडी सर्व्हेवाल्या टीमचा अनुभव – काम चोख, रिपोर्ट लेट

यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यात पैनगंगा गटाची (म्हणजे इथल्या जुन्या खडकथरांच्या गटातली) चुनखडी आहे हे सगळ्यांनाच माहितीये, पण वर काळी माती, काही ठिकाणी बेसॉल्ट, त्यामुळे खाली नेमकी कुठे आणि किती जाड आहे ते वरून कळतच नाही. या लोकांनी आधी रेझिस्टिव्हिटी घेतली, म्हणजे जमिनीत करंट सोडून दगड किती विरोध करतो ते मोजायचं, माती आणि शेलला (चिखलापासून बनलेला थरांचा दगड) कमी आणि घट्ट चुनखडीला जास्त, आणि मग त्यावरून बोअरच्या जागा ठरवल्या. नुसत्या मशीनवर विसंबले नाहीत हे मला फार आवडलं! डायमंड बिटने कोर, म्हणजे खडकाचा दांड्यासारखा अखंड नमुना, काढला, पेटीत खोलीप्रमाणे ओळीने लावला, जिओलॉजिस्टने समोरच पातळ ॲसिडचा थेंब टाकून दाखवला, चुनखडी लगेच फसफसते, डोलोमाइट (मॅग्नेशियमवाला चुनखडीसारखा दगड) भुकटी केल्यावर कुठे हळूहळू. हे बघाच, कारण सिमेंटच्या चुनखडीत मॅग्नेशियम ऑक्साइड ५ टक्क्यांच्या आत लागतं, कॅल्शियम ऑक्साइड साधारण ४२ च्या वर.

लॅब रिपोर्टला मात्र खूप उशीर केला, फोन उचलत नव्हते. तारीख लेखी घ्या आणि कोरचा अर्धा भाग स्वतःकडे ठेवा, दुसऱ्या लॅबमधून तपासता येतो. ५ पैकी ४ स्टार.