लॅमिनेट की व्हिनाइल: जुन्या शहाबादीवर काय टाकावं?

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या जुन्या घरात फरशी उकरायची म्हटलं की धूळ, मलबा आणि काही आठवडे दुसरीकडे बिऱ्हाड. त्यापेक्षा आहे त्याच फरशीवर लाकडी दिसणाऱ्या पट्ट्या टाकाव्यात, हा विचार बरोबरच आहे. दुकानात मात्र दोन नमुने पुढे येतात आणि दिसायला दोन्ही जवळजवळ सारखेच असतात. या लेखात व्हिनाइल म्हणजे क्लिकने जोडायची एसपीसी पट्टी, चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांची. माझ्या तळमजल्यावर तीच आहे, तेव्हा माझं पारडं कुठे झुकतं ते आधीच ओळखून वाचलेलं बरं.

लॅमिनेटच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. वरचा थर कडक असल्यामुळे चपलांबरोबर घरात येणाऱ्या तांबड्या मातीच्या खड्यांचे चरे त्यावर कमी उठतात. हा थर झीज किती सोसतो ते ‘एसी’ या श्रेणीत सांगतात: घरासाठी एसी 3 पुरे, वर्दळ जास्त असेल तर एसी 4 घ्यावं. पेटती उदबत्ती पडून लगेच उचलली तर लॅमिनेटवर सहसा पुसून निघेल इतकाच डाग राहतो. व्हिनाइलवर वितळल्याची खूण कायमची. देवघरापुढचा हा फरक लहान नाही. डिसेंबरच्या थंडीत अनवाणी पायाला लॅमिनेट जास्त उबदार लागतं आणि लाकडाच्या रेषाही, माझ्या डोळ्याला तरी, त्यातच खऱ्या वाटतात. चालताना पोकळ टकटक येते, पण चांगला फोम घातला तर तीही बरीच दबते.

मग अडतं कुठे? सांध्यात. लॅमिनेटचा गाभा एचडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला. वरून पाणी आत जात नाही, पण क्लिकच्या खाचेत गाभा उघडाच असतो. ओल्या पोछ्याचं पाणी तिथे झिरपलं की कड फुगते आणि सांध्यावर बारीक उंचवटा येतो. वाळल्यावर तो पूर्ववत बसत नाही. पुढे रोज पोछा आणि पाय त्याच उंचवट्यावर घासतात, छापील थर झिजतो आणि सांध्याच्या कडेने फिकट रेघा दिसू लागतात. मधली एक पट्टी बदलायची तर भिंतीपासून तिथपर्यंतच्या सगळ्या रांगा सोडवाव्या लागतात. कंपनी सांगते घट्ट पिळलेल्या फडक्यानेच पुसा. आपल्याकडे बादलीत बुडवून पोछा मारल्याशिवाय फरशी स्वच्छ झाली असं कुणालाच वाटत नाही, आणि कामाला येणाऱ्या मावशींना रोज बजावत राहणं कुणाला जमतं? त्यात जूनपासून पुढचे चार महिने ओल्या छत्र्या, निथळणारे रेनकोट आणि गॅलरीच्या दारातून येणारी झड. खरं सांगायचं तर माझा निर्णय या एकाच कटकटीने केला.

‘वॉटर रेझिस्टंट’ लॅमिनेट मिळतं आणि ते साध्यापेक्षा नक्कीच बरं. पण ती हमी वर सांडून काही तास राहिलेल्या पाण्यापुरती असते. खालून येणाऱ्या ओलीला ती लागू नाही, आणि आपल्या जुन्या घरांत खरी भीती त्या ओलीचीच. जोत्याला ओलरोधक थर नाही, शहाबादी थेट मुरमावर चुन्यात बसवलेली, त्यामुळे पावसाळ्यात सांध्यांतून दमटपणा वर येत राहतो. फरशी उघडी असते तोवर तो उडून जातो. वरून झाकली की तिथेच कोंडतो. खानापूरपासून जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला हे जास्त, अथणी-रायबागकडे बरंच कमी. खानापूरकडच्या घरांत वाळवीचाही विचार करावा. एचडीएफ तिला चालतं, एसपीसी चालत नाही.

ओल तपासायला खर्च नाही. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि 48 तासांनी उचला. खाली थेंब दिसले किंवा दगड काळपट झाला तर ओल आहे. ही चाचणी जुलै-ऑगस्टमध्येच करावी, कारण एप्रिलमध्ये जवळपास प्रत्येक घर पास होतं. ओल थोडी असेल तर 200 मायक्रॉनचं प्लास्टिक 20 सेंमी एकावर एक चढवून, सांधे चिकटवून आणि कडा भिंतीवर थोड्या वळवून अंथरावं. लॅमिनेटखाली ते हवंच, तळमजल्यावर एसपीसीखालीही घालावं. पट्टीला काही होत नसलं तरी खाली कोंडलेल्या ओलीला कुबट वास येतो. थेंबच साचत असतील तर आधी बाहेरच्या पाण्याचा निचरा आणि न्हाणीची भिंत बघा. तोवर दोन्हीपैकी काहीच टाकू नका.

एसपीसीची नाजूक बाजू म्हणजे लेव्हल. दोन मीटरची सरळ अॅल्युमिनियम पट्टी फरशीवर फिरवा. खाली 3 मिमीपेक्षा जास्त फट दिसायला नको. शहाबादीचे दगड एकमेकांपेक्षा वरखाली असतात आणि सांधे रुंद. एसपीसीची पट्टी 4 ते 5 मिमीचीच, तिची खाच त्याहून बारीक. खाली पोकळी राहिली की पाय पडेल तिथे ती खाच वाकत राहते आणि एक दिवस तुटते. 8 मिमीचं लॅमिनेट 2 मिमी फोमवर थोडं सांभाळून घेतं, पण तेही दबकतं. उंच कोपरे घासून घ्यावेत, सांधे खरवडून सिमेंटने भरावेत, मग प्रायमर आणि सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारं मिश्रण. बजेट फुगतं ते इथे. दोन पट्ट्यांच्या दरातला फरक त्यापुढे किरकोळ वाटेल. हे काम टाळायला काही फिटर एसपीसीखाली जादा फोम घालतात. पट्टीला खालून आधीच पातळ पॅड असेल तर त्यावर दुसरा मऊ थर म्हणजे लॉक तुटण्याची सोयच.

गोंदाने चिकटवायची 2 मिमीची व्हिनाइल पट्टी स्वस्त दिसते. पण शहाबादीचा प्रत्येक सांधा तिच्यातून वर उमटतो आणि ओलीने गोंद मऊ पडून कडा सुटतात. भाड्याच्या खोलीत दोन-चार वर्षं काढायची असतील तर गुंडाळीचं व्हिनाइल परवडतं, त्याहून जास्त अपेक्षा नको. एसपीसी घेताना एकूण जाडीपेक्षा वरचा पारदर्शक थर विचारा: झोपायच्या खोलीला 0.3 मिमी चालेल, हॉलला 0.5. रबराच्या बुडाचे पायपोस त्यावर ठेवू नयेत, पिवळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

बसवणं दोन्हीचं एकाच पद्धतीचं. 10 बाय 12 ची खोली म्हणजे 120 चौरस फूट, दहा टक्के घट धरून 132. पेटीत 20 चौरस फूट येत असतील तर सात पेट्या, सगळ्या एकाच बॅचच्या. पेट्या दोन दिवस त्याच खोलीत आडव्या ठेवाव्यात, लॅमिनेटच्या तर नक्कीच. भिंतीपाशी लॅमिनेटला 10 मिमी, एसपीसीला 6 मिमी फट सोडायची; ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. फट न सोडता पट्ट्या भिंतीला भिडवल्या तर फुगायला जागा राहत नाही आणि मध्येच फरशी उचलते. शेजारच्या रांगांचे सांधे निदान 30 सेंमी पुढेमागे हवेत.

पहिली रांग लावण्याआधी शेवटची मोजा. समजा रांगा भरायचं अंतर 12 फूट, म्हणजे 3658 मिमी, आणि पट्टी 180 मिमी रुंद. एसपीसीची दोन्हीकडची 6 मिमी फट वजा जाता 3646 उरतात. वीस पूर्ण रांगांनंतर शेवटी 46 मिमीची चिंधी. इतकी अरुंद पट्टी नीट लॉक होत नाही. त्याऐवजी पहिली आणि शेवटची रांग 113 मिमीची कापून मध्ये एकोणीस पूर्ण घ्याव्यात. एसपीसी कटरने रेघ मारून मोडता येते. लॅमिनेटला करवत लागते, तेव्हा ते काम अंगणात करून घ्या.

चौकटीभोवती पट्टी कोरत बसण्यापेक्षा चौकटच खालून कापून पट्टी आत सरकवावी. उंबरठा दगडी असेल तर फट ठेवून वर ती झाकणारी प्रोफाइल पट्टी. लॅमिनेट फोमसकट 10 मिमी चढतं, म्हणजे दारं खालून रंधावी लागण्याची शक्यता जास्त. भिंतीत ठोकलेलं कपाट किंवा ओटा या फरशीवर उभा करू नये. वजनाखाली एक बाजू अडकते आणि दुसरीकडचे सांधे उघडतात. कपाट आधी, फरशी त्याच्यापर्यंत.

टिळकवाडीतल्या वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, खालून ओलीचा प्रश्न नाही, झोपायची खोली आणि पोछा स्वतःच्या हातात: अशा ठिकाणी लॅमिनेट घ्यायला माझी हरकत नाही, देवघर त्याच खोलीत असेल तर उलट तेच घ्या. तळमजला, हॉल, गॅलरीलगतची खोली यांना मात्र एसपीसी, आणि लेव्हलचे पैसे न वाचवता. काम दिवाळीनंतर काढावं, म्हणजे कंपाउंड वाळायला कोरडी हवा मिळते.