दुसरं महायुद्ध नववीला शिकवताना: सनावळ्या की एक सैनिक?

सनावळीने शिकवलं की पोर्शन पटकन संपतो हे खरंय, १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने भारतीय नेत्यांना न विचारताच भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, जवळपास २५ लाख भारतीय सैन्यात होते, १९४५ ला संपलं, मुलं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात.

दुसरा मार्ग म्हणजे थेट यशवंत घाडगेंपासून सुरुवात करायची. रायगडातल्या माणगावजवळचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक, १० जुलै १९४४ ला इटलीत त्यांच्या छोट्या तुकडीतले जवळजवळ सगळे पडले तरी एकट्याने मशीनगनवर धावून गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळाला. मग पोरं स्वतःच विचारतात की सर हा इटलीत काय करत होता? आणि तिथून लिनलिथगो, भरती, १९४३ चा बंगालचा दुष्काळ, समोर उभी आझाद हिंद फौज, सगळं आपोआप निघतं.

तोटा एकच, नुसती शौर्यगाथा होऊन बसते (पोरांना मशीनगनच आवडते ना) आणि ब्रिटिशांसाठी का लढायचं हा अवघड प्रश्न राहून जातो. वेळही दुप्पट लागतो. तरी मी घाडगेंपासूनच सुरू करतो, सनावळी शेवटच्या तासाला फळ्यावर.