अपघाती किट सुपरकार आणि अक्कलकोट रोडचं फायबर वर्कशॉप: सात आठवड्यांचा अनुभव

फायबर वर्कशॉपच्या अण्णांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि माझ्या ठोकलेल्या गाडीच्या बॉनेटवर टकटक करत पुढे सरकत गेले. टक, टक, टक, आणि मग एकदम बद्द आवाज. तिथे खडूने गोल केला. अर्ध्या तासात डाव्या बाजूला असे अकरा गोल झाले. त्यातल्या सात ठिकाणी बाहेरून साधा ओरखडासुद्धा दिसत नव्हता. पत्रा चेपतो आणि मार कुठे बसला ते दाखवतो. फायबर, म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) यांचे थर, चेपत नाही. दणका बसला की वाकून परत जागेवर येतं आणि आतल्या आत थर सुटतात. हे मला त्या दिवशी कळलं, आणि काम इथेच द्यायचं हेही त्याच दिवशी ठरलं.

मी टॉवेल कारखान्यातला जॉबर. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला २२ वर्षं माग दुरुस्त करतोय. गाड्यांचं वेड शाळेपासूनचं. ही किट कार, म्हणजे सुटे भाग घेऊन मालकाने स्वतः जोडलेली गाडी, दिवाळीनंतर हैदराबादकडून ट्रेलरवर आली: पाइपांची चेसिस, वर फायबरची बॉडी, आणि सीटच्या मागे एका जुन्या होंडा अकॉर्डचं व्ही६ इंजिन गिअरबॉक्ससकट बसवलेलं. आधीच्या मालकाने मोकळ्या प्लॉटिंगमधल्या रस्त्यावर डावा कोपरा खांबाला घातला होता. मी ती २ लाख १५ हजारांना घेतली. माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, मामा, दुरुस्त करायचीच आहे तर लोकांना दाखवत करू. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी आमचा एक व्हिडिओ जातो.

नंबर प्लेटचं आधीच सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोलताना स्पष्ट केलं आहे. आमची गाडी रस्त्यावर जाणार नाही. ट्रेलरवरून कॉलेजच्या मैदानात, प्रदर्शनात जाईल. पहिल्याच भागात आम्ही हे सांगून टाकलं.

अण्णांकडे जायच्या आधी एका गॅरेजवाल्याने आमचे ८ हजार आगाऊ घेतले होते. त्याने तडा होता तिथे वरून लांबी (पुट्टी) भरली, घासली, प्रायमर मारला. व्हिडिओत इतकं सुंदर दिसलं, की त्या भागाला आमच्या सगळ्या भागांपेक्षा जास्त लोक आले. बाराव्या दिवशी इंजिन चालू केलं आणि निव्वळ थरथरीने तो तडा जशाच्या तसा वर आला. मला पैशांपेक्षा याचं वाईट वाटलं, की काही हजार लोकांना आम्ही चुकीची पद्धत बरोबर म्हणून दाखवली होती. पुढच्या रविवारी दुसरं काहीच दाखवलं नाही, तो तडा जवळून दाखवला आणि माफी मागितली.

अण्णांचं वर्कशॉप अक्कलकोट रोड एमआयडीसीत आतल्या बाजूला आहे. बाहेर ट्रॅक्टरचे हूड, मंदिराचे कळस, मंडळाच्या देखाव्याचा अर्धा हत्ती. गाडीचं काम ते क्वचित करतात. मला सुरुवातीला याचीच धास्ती होती, पण उलट झालं. गाड्या रंगवणाऱ्याची नजर आधी रंगावर जाते, अण्णांनी पहिल्यांदा पॅनलची मागची बाजू बघायला मागितली.

आता मुख्य काम. बॉडी सुमारे ४ मिलिमीटर जाड. तडा जिथे आहे तिथे ती घासत घासत दोन्ही बाजूंनी उतरती करायची, जाडीच्या बारा पट लांब. म्हणजे एका बाजूला जवळजवळ ५ सेंटिमीटर. दोन बोटांच्या तड्यासाठी वीतभर चांगला भाग घासून काढावा लागतो. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. मग त्या उतारावर काचेच्या मॅटचे तुकडे, आधी लहान, मग मोठा, मग त्याहून मोठा. ४५० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या) मॅटचा एक थर साधारण १ मिलिमीटर होतो, म्हणून चार थर, आणि जिथे हात पोचला तिथे मागूनही दोन.

जीएसएम म्हटल्यावर मी उभाच राहिलो. आमचे टॉवेलसुद्धा जीएसएमवरच विकले जातात. अण्णांनी दोन रोल पुढे टाकले. एक विणलेला, त्यात उभा-आडवा धागा स्पष्ट. दुसरा नुसता तुकड्यांचा, वीण नाही, चिकटवून धरलेला. मी बोटाने चाचपून सांगितलं, की विणलेला ताकदीला चांगला, पण गोलाईवर बसवायचा तर तिरका कापावा लागेल. अण्णा हसले, म्हणाले, "हे शिकवायला मला पोरांना वर्ष लागतं." मॅटची गोष्ट मात्र मला माहीत नव्हती. तिच्यातला चिकटा रेझिन लागलं की विरघळतो आणि ती ओल्या भाकरीच्या पिठासारखी कोपऱ्यात बसते. म्हणून विणलेलं कापड आत आणि मॅट बाहेरच्या अंगाला. नाहीतर वीण काही महिन्यांनी रंगातून वर दिसते. आम्ही जन्मभर टॉवेलचं पोत उठून दिसावं म्हणून झटलो, इथे ते दिसू नये म्हणून झटायचं.

कॅमेऱ्यासमोर हे काम करणं फार अवघड आहे. रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर पडला की घड्याळ सुरू. अण्णा थंडीत किलोला २० मिली घालतात, मे महिन्यात १० मिलीच्या वर जात नाहीत, कारण शेडमध्ये पारा ४२ ला असतो. तेवढ्यावरही दहा-बारा मिनिटांत रेझिन धरायला लागतं. तेवढ्यात मॅट ठेवायची, भिजवायची, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. एके दिवशी भाचीला हार्डनर ओतण्याचा जवळचा शॉट हवा होता. अण्णांच्या पोराने आधीच हार्डनर घातला होता. शॉटसाठी त्याने पुन्हा १० मिली ओतला. चौथ्या मिनिटाला रेझिनचा प्लास्टिकचा मग तापला, धूर आला, प्लास्टिक वाकलं. कुणाला लागलं नाही, पण किलोभर रेझिन गेलं आणि घासून तयार ठेवलेली जागा धुळीत तशीच पडून राहिली, परत घासावी लागली. अण्णा ओरडले नाहीत. भाचीला एवढंच म्हणाले, "बाळ, कॅमेरा थांबंल, हे थांबणार नाही." तेव्हापासून आमचा नियम झाला, की चालू कामात काहीही पुन्हा करून दाखवायचं नाही, जे टिपलं गेलं तेच.

त्यांच्याकडची आणखी एक शिस्त लिहिलीच पाहिजे. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) ही दोन रसायनं ते वेगवेगळ्या कपाटांत ठेवतात, कारण ती थेट एकमेकांत मिसळली तर स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. नवीन पोराला पहिल्या दिवशी ते हेच दाखवतात. घरी व्हिडिओ बघून फायबर करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, हात जोडून सांगतो.

बघणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, ते प्रेमाने बघतात. पण त्यांना दर आठवड्याला गाडी पुढे गेलेली हवी असते, आणि फायबरचं खरं काम थांबण्याचं आहे. थर घातल्यावर अण्णांनी तीन आठवडे रंगाला हात लावू दिला नाही. रेझिन कडक झालं तरी आत अजून आकसत असतं. घाईने रंग मारला तर जोडाची रेघ उमटते. त्या तीन रविवारी दाखवायला होती फक्त उन्हात ठेवलेली पॅनलं. "कामाला लागा", "रंग मारा ना आता" अशा प्रतिक्रिया आल्या, बघणारे निम्म्यावर आले. भाची रडकुंडीला आली होती. अण्णांनी तिला जुन्या कामाचे दोन तुकडे दिले, एक घाईने रंगवलेला, एक थांबून. ते उन्हात तिरके धरून तिने व्हिडिओ केला. कोकणात होड्या दुरुस्त करणाऱ्या एका दादांनी त्याखाली लिहिलं, की असंच करतात, थांबा. ती एक ओळ आम्हाला पुरली.

"पार्ट मागवून बसवा" असंही बरेच जण सांगतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वेअरहॅम इथे फॅक्टरी फाइव्ह नावाची कंपनी १९९५ पासून किट विकते. त्यांच्या जीटीएम या सुपरकारला १९९७ ते २००४ च्या कॉर्व्हेटचे पार्ट लागायचे, तेव्हा तिथे निदान ते तरी शोधता येतात. पण तिथेही प्रत्येक मालक आपापल्या घरी गाडी जोडतो. वायरिंग, कूलंटचे पाइप, गिअरच्या केबल हे ज्याचं त्याने ठरवलेलं. सारख्या दोन किट आतून सारख्या नसतात, आणि ठोकलेल्या गाडीचा मॅन्युअल कुणाकडेच नसतो. आमच्या गाडीचा तर साचाही सापडत नाही. डाव्या हेडलाइटचा खड्डा अण्णांनी उजव्या बाजूचा साचा काढून, उलटा मापून, हाताने घडवला. त्यात नऊ दिवस गेले. समोरून उभं राहून बघा, मला तरी फरक सापडत नाही.

चेसिसचं काम ते करत नाहीत आणि तसं सरळ सांगतात. सरळ चेसिसचे दोन्ही कर्ण सारखे असतात, आमचे मापले तर १४ मिलिमीटरचा फरक निघाला. अण्णांनी आम्हाला उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे पाठवलं आणि चेसिस सरळ झाल्याशिवाय पॅनल हातात घेणार नाही म्हणाले. बरोबरच होतं. वाकड्या चेसिसवर बॉडी जुळवली असती तर सगळंच वाकडं पक्कं झालं असतं.

आता ज्या गोष्टी पटल्या नाहीत. तीन आठवडे सांगितले, सात लागले. वाळण्याचा वेळ त्यांनी सुरुवातीलाच धरून सांगायला हवा होता. अंदाज ३० हजारांचा, बिल ३८,५०० चं. वाढीव रक्कम हेडलाइटची आहे आणि मला मान्य आहे, पण मध्येच फोन करून सांगायला हवं होतं. फोन तर उचलतच नाहीत, जावंच लागतं. डाव्या दाराची फट वर ४ आणि खाली ७ मिलिमीटर आहे, ती अजून राहिली आहे. पाणी पेपर मारायच्या (पाणी लावून पॉलिश पेपरने घासायच्या) दिवशी टँकर आला नाही म्हणून दोन दिवस काम बंद. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पोरं काचेच्या धुळीत तोंडाला नुसता रुमाल बांधून घासतात. आम्ही सहा चांगले मास्क आणि चष्मे नेऊन दिले. आमच्यासमोर वापरतात. मी दोनदा न सांगता गेलो तेव्हा एकदा होते, एकदा नव्हते. अण्णांशी यावर माझं बोलणं चालू आहे, ते ऐकून घेतात.

रंग त्यांच्याकडे देऊ नका, त्यासाठी वेगळा बूथवाला बघा. पण फायबरची मोडतोड असेल, कार असो, बसचा बंपर असो, ट्रकच्या केबिनवरचा डिफ्लेक्टर असो, सोलापुरात मी दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही. मागची बाजू झाकायच्या आधी ते गिऱ्हाइकाला बोलावतात, बोट फिरवून बघायला लावतात आणि मगच पुढचा थर घालतात. आमच्या गाडीच्या प्रत्येक जोडाचं मागून काढलेलं चित्रण आहे, हवं त्याला दाखवतो.

रविवारी बंद. सकाळी दहाच्या आत गेलात तर अण्णा स्वतः भेटतात, दुपारी उन्हामुळे रेझिनचं काम ते बंदच ठेवतात. आणि गाडी ठोकली असेल तर रस्त्यावर पडलेले तुकडे, अगदी नखाएवढेसुद्धा, पोत्यात भरून सोबत न्या. आमच्या हेडलाइटचे ते तुकडे कुणीतरी झाडून टाकले होते, म्हणून तर नऊ दिवस लागले.