पापण्यांच्या सीरमची फसवणूक सोळा आठवड्यांच्या आडोशाने चालते

पापण्यांचे केस खरोखर दाट करणारं औषध आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर एवढी लुबाडणूक होते. औषध म्हणजे बिमॅटोप्रॉस्ट, ०.०३ टक्के. अमेरिकेत २००१ साली ते काचबिंदूचे थेंब म्हणून आलं. थेंब घालणाऱ्यांच्या पापण्या लांब आणि काळ्या होताना दिसल्या, आणि डिसेंबर २००८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने पापण्यांसाठीही त्याला मंजुरी दिली. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळते ती सहसा काचबिंदूचीच ३ मिलीची बाटली, आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असते.

इन्स्टाग्रामवरच्या विक्रेत्याला चिठ्ठीचं विचारलं, तर उत्तर येतं, ‘आमच्याकडे लागत नाही, ताई.’ तिथेच थांबा. पैसे यूपीआयने आधी घेतले जातात, बाटली कुरिअरने येते. पंधरा दिवसांनी काही फरक नाही म्हटलं की ‘रोज न चुकता लावता ना?’ महिन्याने ‘कोर्स अर्धवट सोडू नका, दुसरी बाटली घ्या.’ यात खरी मेख आहे. अस्सल औषधालाही फरक दाखवायला साधारण ८ आठवडे लागतात आणि पूर्ण परिणामाला १६. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. माल परत घ्यायची मुदत मात्र सात दिवसांची. दुसऱ्या बाटलीचे पैसे जाईपर्यंत पेजचं नाव बदललेलं असतं आणि नंबर ब्लॉक झालेला असतो.

उलट ‘सात दिवसांत फरक’ म्हणणाराही खोटंच बोलतो. पापणीचा केस आपल्या चक्राने वाढतो. औषध त्यातला वाढीचा काळ लांबवतं, एका आठवड्यात केस उगवत नाही. तसे फोटो बहुधा मस्कारा किंवा चिकटवलेल्या पापण्यांचे असतात. खऱ्या पापण्या थोड्या लहानमोठ्या असतात. एकाच मापाचे झुबके समान अंतरावर दिसले तर समजून जा.

बाटली हातात आली की आधी खोका पाहा. चिठ्ठीवरच्या औषधाची ‘Rx’ ही खूण, बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक, एक्सपायरी हे सगळं छापलेलं हवं, आणि खोक्यावरचा बॅच नंबर बाटलीवरच्याशी जुळायला हवा. द्राव पाण्यासारखा नितळ, रंगहीन असतो. रंगीत, सुगंधी किंवा घट्ट असेल तर ते हे औषध नाही. झाकणालाच ब्रश असलेली ट्यूबही नको, कारण पापणीवरून फिरलेला ब्रश रोज परत आत बुडतो आणि जंतू आत सोडतो.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ‘शंभर टक्के हर्बल’वाल्यांची. एरंडेल आणि बदाम तेलाचं म्हणून विकलेलं सीरम खरंच दणदणीत काम करायला लागलं, तर खूश होऊ नका, संशय घ्या. बिमॅटोप्रॉस्टच्याच जातकुळीची रसायनं सौंदर्यप्रसाधनात घालून विकल्याचे प्रकार झाले आहेत. आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टिनेट असलेल्या सीरमवरून अमेरिकी प्रशासनाने २०११ मध्ये एका कंपनीला ताकीद दिली होती. घटकांच्या यादीत एखाद्या लांबलचक नावात ‘प्रोस्ट’ हा तुकडा दिसतो का, ते शोधा. या औषधांनी डोळे लाल होतात, खाजतात, पापणीची कातडी काळवंडते, डोळ्यांभोवतीची चरबी कमी होऊन डोळे खोल गेल्यासारखे दिसू शकतात. बुबुळात तपकिरी रंग वाढला तर तो बहुधा कायमचा. हे आधी सांगायला हवं, आणि तेच लपवलं जातं.

डॉक्टरांनी दिलेलं औषध लावायची पद्धतही ठरलेली आहे. रात्री मेकअप धुऊन, कॉन्टॅक्ट लेन्स काढून, निर्जंतुक ब्रशवर एक थेंब घ्यायचा आणि फक्त वरच्या पापणीच्या मुळाशी फिरवायचा. जास्तीचं लगेच टिपायचं, कारण ओघळ जिथे वारंवार लागतो तिथे नको ते केस उगवू शकतात. दुसऱ्या डोळ्याला नवा ब्रश. खालच्या पापणीला लावायचं नाही. लेन्स १५ मिनिटांनी. वापर थांबवला की पापण्या हळूहळू पूर्वीसारख्या होतात, त्यामुळे ‘एकदाच घ्या, कायमचा फरक’ हीसुद्धा थाप.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, चॅट पुसू नका. बाटली फेकू नका. झाकण घट्ट लावून खोक्यासकट पिशवीत ठेवा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात तक्रारीसोबत दाखवा. डोळ्याला त्रास झाला असेल तर १८००-१८०-३०२४ या औषध दुष्परिणामांच्या हेल्पलाइनवरही कळवा. नेत्रतज्ज्ञांकडे जाताना ती बाटली बरोबर न्या, संकोच करू नका. हे औषध डोळ्यातला दाब उतरवतं. तुम्ही ते लावत होता हे डॉक्टरांना माहीत नसेल, तर दाबाचा आलेला आकडा त्यांची दिशाभूल करू शकतो.