उलंगवाडी झाली, आता कुठं? दुबई, क्वालालंपूर की इस्तंबूल

चार-पाच दिवसांत परदेशातलं एखादं शहर पाहून यायचं म्हटलं की आपल्या भागात पहिलं नाव निघतं दुबईचं. मग कुणीतरी मलेशिया म्हणतो, आणि मोबाइलवर रील पाहणारी पोरं इस्तंबूलचा हट्ट धरतात. तिन्ही शहरं मुस्लिमबहुल देशांतली, पण एकमेकांपासून इतकी वेगळी की एकीचा सल्ला दुसरीला लागू पडत नाही. यवतमाळ, वर्धा, अमरावती, चंद्रपूरकडच्या शेतीवाल्या घराला यातून निवड करायची असेल, तर माझं म्हणणं असं की शहर आधी ठरवू नका, महिना आधी ठरवा. महिना ठरला की यादीतलं एखादं नाव आपोआप गळतं.

सवड कधी आणि हवा कधी

दुबईचा चांगला मोसम नोव्हेंबर ते मार्च. नेमकं तेव्हाच आपल्याकडे कापसाचा वेचा, मग तूर, मग हरभरा. मजूर मिळत नाहीत म्हणून घरचा माणूस वावरातून हलू शकत नाही. उलंगवाडी होऊन, म्हणजे कापसाचा शेवटचा वेचा आटोपून, खरी सवड मिळते ती गुढीपाडव्याच्या आसपास, सालगड्याचं नवं-जुनं झाल्यावर, आणि ती टिकते मृगापर्यंत. पोरांच्या शाळाही तेव्हाच बंद असतात. पण एप्रिलच्या मध्यानंतर दुबई तापू लागते आणि मे महिन्यात पारा चाळिशीला भिडतो. "आमच्या चंद्रपुरात का कमी तापते?" असं कुणी म्हणेल. तापतं, पण आपलं ऊन कोरडं. तिथं समुद्राकाठची दमट हवा, सावलीत उभं राहिलं तरी अंगावरचा घाम वाळत नाही. मग दिवसभर मॉलमध्ये बसावं लागतं, आणि त्यासाठी एवढ्या दूर जायचं कशाला?

इस्तंबूलचं बरोबर उलटं. एप्रिल-मे हा तिथला सगळ्यात देखणा काळ. एप्रिलमध्ये एमिरगान बागेत ट्युलिप फुललेले असतात, हवा गार असते, सकाळी स्वेटर लागतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र पाऊस, बोचरा वारा आणि कधी बर्फ. क्वालालंपूर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिथं मोसमाचा प्रश्नच नाही. बारा महिने उकाडा आणि कधीही कोसळणारी सर, तीही बहुधा दुपारनंतर. छत्री पिशवीत असली की झालं.

आता रमजान. हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२७ मध्ये तो साधारण ८ फेब्रुवारीला सुरू होईल, चंद्रदर्शनानुसार एखादा दिवस इकडे-तिकडे. म्हणजे तूर निघाल्यावर फेब्रुवारीत दुबई करू असं कुणी ठरवलं असेल, तर त्याचे दिवस थेट रमजानात पडतात. दुबईत हल्ली त्या महिन्यातही हॉटेलं दिवसा उघडी असतात, पण रस्त्यावर, टॅक्सीत खाणं-पिणं टाळायचं असतं आणि बऱ्याच ठिकाणांच्या वेळा बदललेल्या असतात. संध्याकाळ मात्र रंगते. क्वालालंपुरात बिगरमुस्लिमांच्या खाण्यावर बंधन नाही, उलट दुपारनंतर रस्तोरस्ती रमजानचे खाऊबाजार भरतात. इस्तंबूलच्या पर्यटकी भागात दिवसा फारसा फरक जाणवत नाही. खरं टाळायचे ते ईदचे दिवस. इस्तंबूलचा ग्रँड बझार तेव्हा बंद असतो, आणि दुबईत खोल्यांचे भाव चढलेले.

कागद

इथं तिन्ही शहरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना तीस दिवसांसाठी व्हिसा माफ केला आहे आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली आहे. त्यानंतरचा बेत असेल तर तिकिटाआधी चौकशी करा. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत एमडॅक नावाचा डिजिटल अर्ज ऑनलाइन भरायचा. तो फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं शोधयादीत वरच दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. दुबईचा व्हिसा आधी काढावा लागतो, पण विमान कंपनी किंवा एजंटमार्फत ऑनलाइन निघतो. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हाताशी असू द्या.

तुर्कस्तान सगळ्यात किचकट. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा असेल तर ई-व्हिसा चटकन मिळतो. तसा व्हिसा आपल्यापैकी कितीजणांकडे असणार? बाकीच्यांना व्हिसा केंद्रात कागदांची चळत घेऊन जावं लागतं. त्यात आयकर विवरणपत्र मागतात, आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे आपल्याकडे अनेकांनी ते कधी भरलेलंच नसतं. सातबारा, कापूस विकल्याच्या पट्ट्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट असं सगळं जोडून आपली परिस्थिती पत्रात मांडावी लागते. दोन महिने आधी सुरुवात करा. शिवाय मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर अनेक भारतीय ट्रॅव्हल कंपन्यांनी तिथल्या सहली विकणं थांबवलं. जायचं की नाही हा ज्याच्या-त्याच्या मनाचा प्रश्न, पण मराठी ग्रुपबरोबर निवांत जाऊ असं मनात असेल तर पर्याय कमी आहेत.

एक गोष्ट एजंट बहुधा सांगत नाहीत. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येऊ शकतो, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी लागते. अमिराती (दुबईचा देश) आणि मलेशिया हे दोन्ही त्या देशांच्या यादीत आहेत, तुर्कस्तान नाही. पर्यटनासाठी वेगळी परवानगी लागत नाही, ती लागते नोकरीसाठी. पण विमानतळावर चार प्रश्न जास्त विचारले जातात. घरच्या आठवी शिकलेल्या माणसाच्या हातात परतीच्या तिकिटाची छापील प्रत ठेवा आणि त्याला रांगेत एकटं सोडू नका.

जायचं कसं

नागपूरहून शारजाला थेट विमान आहे आणि कतारमधल्या दोह्यालाही. शारजा म्हणजे दुबईला खेटूनच, टॅक्सीने किंवा बसने पोहोचता येतं, फक्त कचेरीच्या वेळी रस्ता तुंबतो. घरून गाडीने नागपूर आणि तिथून साडेतीन-चार तासांत आखात. म्हाताऱ्या माणसांसोबत मुंबईची रेल्वे, तिथलं विमानतळ, एवढी यातायात वाचणं ही दुबईची सगळ्यात मोठी जमेची बाजू. शारजात मात्र दारूला पूर्ण बंदी आहे आणि पेहरावाचे नियम जास्त कडक. तिथं फक्त उतरायचं आणि पुढं निघायचं.

क्वालालंपूरसाठी हैदराबाद किंवा चेन्नई बरं पडतं. चंद्रपूर-बल्लारपूरच्या लोकांना दक्षिणेकडच्या गाड्या दारातच मिळतात, त्यांनी मुंबईच्या फंदात पडूच नये. इस्तंबूलला मुंबईहून थेट जाता येतं, किंवा नागपूर-दोहा-इस्तंबूल असं एका तिकिटावर. आखातात तणाव वाढला की आकाश बंद होतं, जून २०२५ मध्ये कतारचं काही तास झालं होतं. म्हणून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी लग्न किंवा पेरणी ठेवू नका.

पिशवीत काय नको

दुबईसाठी हा भाग दोनदा वाचा. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. आपल्या मसाल्यात ती असतेच, आणि दिवाळीनंतर निघालात तर डब्यातल्या अनारशांवरही असते. आईने प्रेमाने भरून दिलेला डबा आधी उघडून पाहा. पान आणि चघळायच्या तंबाखूलाही तिथं मज्जाव आहे, म्हणजे खर्ऱ्याची पन्नी नागपूरलाच टाकून द्यायची. ज्याला तासाला खर्रा लागतो त्याने दुबईचा विचार सोडलेलाच बरा, हे मी गमतीने म्हणत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या परवानगीशिवाय नेता येत नाहीत. गावच्या डॉक्टरने कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या सुट्या गोळ्या तर तिन्ही देशांत नकोत. गोळ्यांची पूर्ण स्ट्रिप आणि डॉक्टरची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी हवी.

आणखी एक. भर रस्त्यात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर शिवी दिली तर अमिरातीत गुन्हा होतो. आपल्या वऱ्हाडी बोलण्यात मायेनेही शिवी निघते, तेव्हा बरोबरच्या काका-मामांना आधीच सांगून ठेवा. अनोळखी बायांचे फोटो काढायचे नाहीत, हेही त्यांनाच सांगा.

खाणं

माळकरी माणूस सोबत असेल तर प्रश्न इथंच सुटतो. दुबईत बर दुबई आणि करामा भागात शाकाहारी थाळी, पोळी, वरण-भात सगळं मिळतं. क्वालालंपुरात मुख्य स्थानक केएल सेंट्रलला लागूनच ब्रिकफिल्ड्स ही भारतीय वस्ती आहे. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम. पोळी मात्र शोधावी लागते, आणि तिसऱ्या दिवशी भाताला कंटाळलेला माणूस भाकरीची आठवण काढतो. इस्तंबूलमध्ये शुद्ध शाकाहाऱ्याचे हाल होतात असं लोक सांगतात, तसं पूर्ण खरं नाही. मसुरीचं सूप, तिळाचा गोल पाव सिमित, चीज किंवा पालक भरलेलं गोझलेमे, ऑलिव्ह आणि दही यांवर दिवस निघतो. पण तिथला भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो, सूपही कधी हाडांच्या पाण्यातलं. प्रत्येक वेळी विचारावं लागतं, आणि विचारायला भाषा आड येते.

पाहायचं काय

इस्तंबूलपुढं बाकी दोन्ही शहरं पोरसवदा आहेत. हागिया सोफिया, सहा मिनारांची निळी मशीद, टोपकापी राजवाडा हे सगळं पायी फिरण्यासारखं, आणि एमिनोन्यूच्या धक्क्याहून बोटीत बसलं की वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात. २०२० पासून हागिया सोफिया पुन्हा मशीद आहे, आणि २०२४ पासून परदेशी पर्यटकांना पंचवीस युरो देऊन वरच्या सज्जातूनच पाहता येते. निळी मशीद फुकट. टोपकापी मंगळवारी बंद, ग्रँड बझार रविवारी बंद. चार दिवसांच्या फेरीत या दोन वारांचा हिशेब चुकला तर अर्धी सहल वाया.

दुबईत ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा सगळेच पाहतात. मला त्याहून खाडीतली लाकडी होडी आवडते. एक दिरहम दिला की बर दुबईहून देरा, आणि उतरलं की समोर मसाल्यांचा आणि सोन्याचा बाजार. सोनं पाहून घ्या, घेताना विचार करा. दागिन्यांवरची सीमाशुल्काची सवलत वर्षभराहून जास्त परदेशात राहिलेल्यांनाच मिळते, चार दिवस फिरून येणाऱ्याला नाही. मेट्रो स्वच्छ आणि स्वस्त, पण डब्यात काही खाल्लं की शंभर दिरहम दंड. बायका-मुलांसाठी डब्यात वेगळा भाग असतो, गर्दीत पुरुषांनी चुकून तिकडं चढू नये.

क्वालालंपूरचे ४५२ मीटरचे पेट्रोनास मनोरे सोमवारी बंद असतात. तिथली खरी भेट म्हणजे बटू लेणी. केएल सेंट्रलहून लोकल गाडीने जाता येतं. मुरुगन म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीची ४२.७ मीटर उंच सोनेरी मूर्ती आणि वर गुहेपर्यंत २७२ पायऱ्या. गुडघे धरणाऱ्यांनी खालूनच हात जोडावेत. माकडं हातातला प्रसाद ओढतात. तोकडे कपडे असतील तर इथंही कमरेला कापड गुंडाळायला लावतात, म्हणजे अंग झाकायचा नियम फक्त मशिदीपुरता नाही.

मशिदींचं सांगायचं तर तिन्ही ठिकाणी गुडघे-खांदे झाकलेले हवेत, बायकांच्या डोक्यावर ओढणी, चपला बाहेर, आणि नमाजाच्या वेळी, विशेषतः शुक्रवारी दुपारी, पर्यटकांना प्रवेश नाही. साडीत कंबर उघडी राहते म्हणून अडवू शकतात, त्या दिवशी बायकांनी पंजाबी ड्रेस घालावा. अबू धाबीची शेख झायेद मशीद फुकट आहे, पण ऑनलाइन नाव नोंदवून जायचं.

मग कुणी कुठं जावं

शेती स्वतः करणाऱ्या आणि एप्रिल-मेमध्येच मोकळ्या होणाऱ्या घराने क्वालालंपूर घ्यावं. व्हिसाची कटकट नाही, खाणं जमतं, पोरं खूश. हॉटेलात दर रात्री खोलीमागे दहा रिंगिट पर्यटन कर वेगळा घेतात, तो हिशेबात धरा. शिक्षक, व्यापारी, ज्यांना दिवाळीत सुट्टी आहे आणि सोबत आई-बाबा आहेत, त्यांच्यासाठी नागपूर-शारजा विमान आणि दुबई. तेवढे दिवस वेचणीकडे बघणारा कुणी भाऊ घरी असला तर शेतकऱ्यालाही ते जमेल. नवरा-बायको दोघंच असतील, चालायची हौस असेल, कागद जमवायला धीर असेल, तर एप्रिलमधलं इस्तंबूल. पण त्याला चार दिवस पुरत नाहीत, निदान सहा ठेवा. तेवढी सवड नसेल तर यंदा ते नाव यादीतून काढा. आणि तिथल्या खर्चाचे दोन वर्षांपूर्वीचे व्हिडिओ पाहून बजेट आखू नका, तिथल्या लिरा या चलनातली महागाई इतकी आहे की तेव्हाचे भाव आता कुठंच लागत नाहीत.